मॅडमची लेन

पंजाबी ड्रेसच्या आत संघमित्राने स्विमिंग कॉस्च्युम घातलेला असायचा. दर रविवारी. ही गोष्ट घाटकोपरात दोघांनाच ठाऊक होती, तिला आणि तिच्या नवऱ्याला. पहिल्या रविवारी किरण हसला होता. अगं, तुला पोहता येत नाही, मग हा कशाला, असं त्याने विचारलं. संघमित्राचं उत्तर तयार होतं. तरणतलावाच्या दारावर पाटीच लावली होती, कॉस्च्युमशिवाय पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. उद्या शिकताना आपली पोर बुडायला लागली आणि आपल्याला कुणी काठावर अडवलं तर?

सुरुवात झाली ती मनोरीला. डिसेंबरात सगळे मिळून समुद्रावर गेले होते. एका लाटेने सहा वर्षांच्या प्रांजलला आडवं केलं. जेमतेम दोन सेकंद. पोरगी नाक शिंकरून उठली आणि परत वाळूचा किल्ला थापायला बसली. संघमित्रा मात्र त्या दोन सेकंदांतून अजून बाहेर आली नव्हती. एप्रिल लागताच तिने नवतरंग क्रीडा मंडळाच्या उन्हाळी वर्गात मुलीचं नाव घातलं. मूल पोहायला शिकलं की आपली झोप परत येईल, असा तिचा हिशेब होता.

सात रविवार झाले. बाकीची पोरं बेडकासारखी उड्या मारत होती आणि प्रांजल काठाची स्टीलची दांडी धरून लोंबकळत होती. मुलांनी तिचं नाव पाल ठेवलं होतं. शिकवणारे सुयोग सर शांत माणूस. त्यांनी एकदा संघमित्राला बाजूला घेऊन सांगितलं, की तुम्ही जरा लांब बसा, ती पाण्याकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघते. संघमित्रा लांब बसली. मग प्रांजल मान वाकडी करून लांब बघायला लागली.

आज वर्गाचा शेवटचा रविवार. दांडी सोडून पाच हात पोहायचं, एवढीच परीक्षा. प्रांजलने घरून निघतानाच सांगून टाकलं होतं, की आज नाही जमलं तर मी पाण्यात परत कधीच जाणार नाही. आपल्या पोरीचं ‘कधीच’ किती पक्कं असतं ते संघमित्रा जाणून होती. एकदा ‘कधीच’ म्हणाल्यापासून प्रांजल कारलं आजतागायत खात नव्हती.

त्यात पाण्यात गर्दी ही एवढी. पाच लेनमध्ये चाळीस पोरं, कुणाची लाथ कुणाला बसेल सांगता येत नव्हतं. आणि भिंतीलगतची पहिली लेन मात्र रिकामी. निवांत, निळीशार. तिच्या तोंडाशी एक पांढरी खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल, आणि दोरीला पाटी: मानद सदस्यांसाठी राखीव.

मानद सदस्य म्हणजे मृणालिनी तळाशिलकर. टीव्हीवरची. चार वर्षांपूर्वी तिच्या मालिकेत पुराच्या पाण्यात उडी घेऊन तिने एका पोराला वाचवलं, तो भाग बघून अख्खं घाटकोपर रडलं होतं. मंडळाच्या कमिटीला वाटलं, एवढी पट्टीची पोहणारी आपल्याच घाटकोपरात राहते, आणि आपल्याकडे नाही म्हणजे काय! सन्मानाने सदस्यत्व दिलं, नाव फलकावर सोनेरी अक्षरांत रंगवलं, रविवारी सकाळी सात ते आठ एक लेन राखून ठेवली. बाई सत्काराला आल्या, शाल घेतली आणि गेल्या. पुन्हा फिरकल्या नाहीत.

तरी तलावावरचे राजारामकाका दर रविवारी ताजा टॉवेल ठेवत. प्रांजलला तिथे जरा उतरू द्या, असं संघमित्राने त्यांना दोनदा विचारून पाहिलं होतं. काका मान हलवत. “आणि नेमक्या आजच मॅडम आल्या तर, ताई?” चार वर्षं न आलेल्या माणसाची एवढी वाट बघणाऱ्यावर रागावणार तरी कसं?

आणि नेमक्या आजच मॅडम आल्या.

डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंगावर गुडघ्यापर्यंतचा झगा. काकांनी धावत जाऊन पाटी काढली, सरळच असलेला टॉवेल पुन्हा सरळ केला. पोरांनी गलका केला, आयांनी मोबाइल काढले. मॅडम सगळ्यांना हसल्या, उथळ बाजूच्या शिडीपाशी गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मोबाइल खाली गेले, सरांनी शिट्टी मारून पोरांना कामाला लावलं. मॅडम तिथेच.

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. संघमित्राच्या आलं, कारण ती मूठ तिच्या ओळखीची होती. शिडीचा कठडा मॅडमनी अगदी प्रांजलसारखा धरला होता, नखं पांढरी होईपर्यंत.

ती उठून जवळ गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून पाणी थंड नाहीये, एवढंच म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला. “माका पोवूक येणा नाय,” त्या हळूच म्हणाल्या, जशा काही गावच्याच बाईशी बोलत होत्या. मग भानावर येऊन सांगायला लागल्या. पुरात उडी मारली ती दुसऱ्याच एका मुलीने, त्यांचं लुगडं नेसून. त्यांना नुसतं बादलीने भिजवलं होतं. मालवणकडची बाई, आणि पोहता येत नाही, हे सत्कारात शाल खांद्यावर असताना सांगणार कसं? तेव्हा गप्प बसल्या, त्या बसल्याच. आता नातू म्हणतो, आजी, मला तूच शिकव, तू तर पुरात पोहतेस. म्हणून आज आल्या होत्या.

“मलाही नाही येत,” संघमित्रा म्हणाली.

“मग हे काय?” मॅडमची नजर तिच्या गळ्याशी डोकावणाऱ्या निळ्या पट्ट्यावर होती.

संघमित्राने सांगितलं. पाटीचं, मनोरीचं, सगळंच. ऐकून मॅडम हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी काकांना हाक मारली आणि मानद सदस्याला सोबत पाहुणे आणता येतात का, असं विचारलं. काकांना मंडळाची घटना पाठ होती. दोन पाहुणे, एका वेळी.

“मग ही आणि हिची लेक.”

पाच मिनिटांनी पहिल्या लेनच्या उथळ टोकाला तिघी पाण्यात होत्या. पाणी संघमित्राच्या छातीशी आलं आणि तिचे दोन्ही हात आपोआप दांडीवर गेले. शेजारी मॅडमचेही. टीव्हीवरची बाई आणि आपली आई, दोघी भिंतीला चिकटलेल्या पाहून प्रांजलने आळीपाळीने दोघींकडे बघितलं.

“आई, तू पण पाल?”

“हो गं.”

“आणि ह्या आजी पण?”

“मी तर घोरपड,” मॅडम म्हणाल्या. “तू सांग, पहिलं काय करायचं?”

सात रविवार पोरगी दांडीला लोंबकळली होती खरी, पण कान उघडे ठेवून. तिला सगळं येत होतं, केलं नव्हतं इतकंच. आधी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचे. दोघींनी काढले. मग पाय लांब करायचे, गुडघे नाही वाकवायचे. दोघींनी वाकवले. तसं नाही, असं, म्हणत प्रांजल वैतागली आणि दाखवायला वळली, आणि दाखवताना तिचा हात सुटला.

संघमित्राच्या अंगातून मनोरीची लाट गेली. तिला झेपावायचं होतं, तिने हात पुढे टाकलाही असता, पण बोटं दांडीवरून निघेनात. घट्ट मिटली होती. किंचाळायला तोंड उघडलं, तर तेवढ्यात मॅडमचा हात दांडीवरून सरकत तिच्या हातावर आला. थंडगार. आणि त्या एका श्वासात प्रांजल दोन हात गेली, तीन हात, वेडेवाकडे पाय मारत, पाणी गिळत, आणि लेनच्या दोरीला जाऊन भिडली.

ठसका लागला. नाक शिंकरलं. मग तिने मागे वळून पाहिलं, किती लांब आलो ते मोजत. पाच हात सहज भरले असते. पलीकडून सुयोग सरांनी पाहिलं होतं. त्यांनी एक लांब शिट्टी दिली.

“आई,” दोरीला लटकून प्रांजल म्हणाली, “आता तू. मी इथे आहे ना, बघते मी तुझ्याकडे.”

संघमित्राने करंगळी सोडली. मग तिच्या शेजारचं बोट. काठावर राजारामकाका एका खुर्चीवर तीन टॉवेल रचत होते.