वहीत नसलेली सही

गल्लीच्या टोकाची झऱ्याची जागा बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने विकत घेतली आणि तिसऱ्याच दिवशी फाटक बसवून कुलूप ठोकलं. सूत रंगवून पोट भरणाऱ्या काकूंनी गल्लीच्या वतीने कोर्टात दावा लावला. चाळीस वर्षं आम्ही हे पाणी भरतोय, हा आमचा हक्क आहे.

मग कंपनीने डाव टाकला. फाटक उघडलं, पण आत टेबल मांडलं आणि त्यावर वही ठेवली. घागर भरायची तर आधी सही. पानावर छापलं होतं, 'मालकांच्या परवानगीने पाणी घेत आहे.'

सगळ्यांनी सह्या केल्या. काकूंनी ती ओळ वाचली आणि रिकामी घागर घेऊन घरी आल्या.

"अहो आई, सही करायला काय हात झिजतात?" सून वैतागली.

"परवानगी घेतली की हक्क संपला, वकीलबाईंनी बजावलंय. उद्या नाही म्हणाले तर दाद कुठे मागायची?"

"आणि तोवर पाणी वाहायचं कुणी?"

"मी."

सार्वजनिक नळ टेकडीखाली होता. गुडघ्यांना फडकी बांधून काकू चढ चढायच्या, मध्येच घागर टेकवून धापा टाकायच्या. रंगकाम निम्म्यावर आलं. "ताठा बघा हिचा," शेजारणी फाटकातून म्हणायच्या. काकू ऐकून पुढे जायच्या. महिन्याभराने सून दुसरी घागर घेऊन मागे निघाली. असे पाच महिने गेले.

कोर्टात कंपनीच्या वकिलाने वही नाचवली. "सगळी गल्ली परवानगीने पाणी घेते. हक्क कसला?"

"माझी सही दाखवा," काकू म्हणाल्या.

वकिलाने पानं चाळली. पुन्हा चाळली.

"तुम्हाला पाण्याची गरज नव्हती का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"होती की, साहेब. पण स्वतःचंच पाणी मागायचं कुणाकडे?"

निकाल लागला. सह्या दावा लागल्यानंतरच्या, त्याही पाणी अडवून घेतलेल्या; आणि दावा लावणाऱ्या काकूंची तर सहीच नाही. त्यांनी जुना हक्क बुडत नाही. गल्लीतल्या कुणालाही अडवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू सुनेला घेऊन झऱ्यावर गेल्या. पहारेकरी टेबल उचलत होता.

"जास्त हुरळू नका," तो गुरगुरला. "साहेब वरच्या कोर्टात चाललेत."

"जाऊ दे की. आम्हालाही रस्ता माहीत आहे," काकू म्हणाल्या. "सर बाजूला, सूत भिजवायचंय."