धनराजचा हात

मटका सोडला म्हणून माणूस काही संत होत नाही. तो फक्त मटका सोडलेला माणूस असतो, आणि हे धनराजइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानं ज्योत्स्नाचं मंगळसूत्र आकड्यावर घालवलं, तेव्हा ती लेकीला घेऊन पेठला माहेरी निघून गेली होती. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, तेव्हा कुठे ती इंदिरानगरच्या दोन खोल्यांत परतली. "पुन्हा ते झालं, तर मी यायची नाही," एवढंच ती म्हणाली होती. मटक्याचं नावसुद्धा ती तोंडावर आणत नसे. तिच्या लेखी ते नुसतं 'ते' होतं.

धनराज मेन रोडवर एका कापडदुकानात सेल्समन होता. गिऱ्हाईक टेकलं की दाराशी यायचं आणि समोरच्या चहावाल्या पुंजाला बोटं दाखवायची, की तेवढे चहा हजर. हाक मारायचीही गरज नसे. पण अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी पुंजा चहाचे पैसेच घेईना.

"राहू द्या शेठ. तुमचा हात लय बरा हे."

"हात?"

"परवा तुम्ही चार दावले, चारच आला. काल सात दावले, सात आला. महिना झाला, एकबी चुकला नाय." पुंजानं आवाज खाली आणला. "त्या दिशी तुम्ही नुसती मूठ वळली न आत गेले. आम्ही मिंडी धरली. ती बी आली!"

मिंडी म्हणजे शून्य. अड्ड्याची पायरी न चढलेल्या माणसाला हा शब्द माहीत नसतो, आणि इतक्या दिवसांनी तो कानावर पडला तसं धनराजनं तो ओठांतल्या ओठांत एकदा घोळवून पाहिला. वेड्याचे हातवारे, बुवाची शिवी, स्वप्नातला साप, सगळ्यांतून आकडा काढणारी ही जमात. तो स्वतः एकदा गोदाघाटावर एका वेड्यामागे अख्खी दुपार फिरला होता. त्या वेड्याला काय वाटत असेल, हे तेव्हा त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी त्यानं पुंजाला तीन बोटं दाखवली आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप जाऊन तिर्रीवर चिठ्ठी लावून आला. आला एक्का.

"तीन नव्हताच शेठ," पुंजा मायेनं म्हणाला. "मागून तुम्ही दारात उभे राहून एका बोटानं कान खाजवला ना, आम्ही तो धरला."

धनराजला कान खाजवल्याचं आठवत नव्हतं. त्यानंतर तो रोज खेळला आणि रोज हरला. गल्ली मात्र रोज जिंकत होती. आपलाच हात आपल्याला सोडून साऱ्या गावाला फितूर झालाय, हे कळल्यावर तो घाबरला, आणि एका संध्याकाळी खंडेरावांच्या ओट्यावर जाऊन ढसाढसा रडला.

खंडेराव म्हणजे एसटीतले रिटायर ड्रायव्हर. त्यांनी स्वतः एके काळी मटका सोडला होता, आणि ज्याला सोडायचा असेल त्यानं त्यांच्या ओट्यावर येऊन बसावं, असा कॉलनीत जणू रिवाजच होता.

"पाय घसरला म्हणजे माणूस मेला नाही," ते म्हणाले. "आधी घरी सांग. लपवलेलं सुटत नसतं, बाबा."

त्यानं घरी सांगितलं. ज्योत्स्ना पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत." तिनं बॅग भरली नाही. इतक्या वर्षांत धनराजला तिच्याविषयी असं प्रेम कधी वाटलं नव्हतं. त्यानं हाताचंही सांगितलं, खंडेरावांना आणि तिलाही. दोघांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

पगार ज्योत्स्नाच्या हाती जाऊ लागला, खंडेराव त्याला बसपर्यंत सोडू-आणू लागले, आणि मटका खरोखरच सुटला. तल्लफसुद्धा उरली नाही. पण दुकानासमोर माणसं उभी राहू लागली. त्यानं हात खिशात घातले, तर ती खोकला मोजू लागली. त्यानं खोकला दाबला, तर पायरी उतरताना त्याची पावलं पाहू लागली. गल्ल्यावरचा मालकही एकदा सहज म्हणाला, "धनराज, आज चहा नाही सांगितलास?" त्या दिवशी दिवसभर तो मांड्यांखाली हात दाबून बसून राहिला, आणि गोदाघाटावरचा तो वेडा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"रजा टाक," खंडेराव म्हणाले. "घरी नीज चार दिवस. आम्ही आहोत ना तुझ्यापाशी."

आम्ही आहोत, या शब्दांवर तो विसंबला. रविवारी दुपारी पोटभर जेवून, पंख्याखाली, हात चादरीत गुंडाळून तो लहान मुलासारखा झोपला.

जाग आली तेव्हा खोलीत ऊन कलतं होतं. उजव्या हाताला वारा लागत होता. त्यानं डोळे किलकिले केले. चादर मनगटापर्यंत नीट दुमडून ठेवलेली होती. उशाशी खंडेराव खुर्ची ओढून बसले होते, ज्योत्स्ना जमिनीवर मांडी घालून, आणि दोघांची नजर त्याच्या बोटांवर होती. उंबऱ्यापलीकडे चपलाच चपला दिसत होत्या. त्यांत पुंजाची अंगठा तुटलेली चप्पलही होती.

धनराजला ओरडायचं होतं, पण किती ओरडलो तेही मोजतील, म्हणून तो गप्प राहिला. भीतीनं त्यानं बोटं मिटली आणि मूठ घट्ट आवळली.

ज्योत्स्नानं चादर मायेनं त्याच्या हातावर ओढली, आणि दाराकडे वळून हळूच म्हणाली, "मिंडी."