न्हाणीघरातला कारखाना

दातांच्या डॉक्टरांनी जन्मभर लोकांचे दात काढले. दवाखाना बंद केल्यावर ते घरी बसून बायकोच्या कामातली खुसपटं काढू लागले.

"काहीतरी छंद लावून घ्या," बाई म्हणाल्या, "नाहीतर मी माहेरी निघाले."

डॉक्टरांनी मनावर घेतलं. अंगणातल्या वेलीची द्राक्षं दरवर्षी पाखरांच्या पोटात जायची. त्यांची घरापुरती दारू गाळायची असं ठरलं. तांब्याची छोटी भट्टी बाजारात उघड मिळत होती.

"विकणं गुन्हा नाही, घेणं गुन्हा नाही," दुकानदार म्हणाला. "खाली जाळ लावला की मात्र गुन्हा."

"मग लोक नेऊन करतात काय?"

"आम्ही विचारत नाही."

पण डॉक्टर विचारणाऱ्यांपैकी होते. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारा माणूस. ते भट्टी घेऊन घरी आले आणि तडक अबकारी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं.

"घरी दारू गाळायला परवानगी? आजवर कुणी मागितली नाही."

"म्हणजे कुणी गाळत नाही?"

"गाळतात की. मागत नाहीत."

बरीच धूळ झटकल्यावर नियम सापडला. जो गाळतो, तो कारखाना. कारखान्याला परवाना मिळतो, पण निरीक्षकाला बसायला वेगळी खोली हवी. छंद हा शब्द कायद्यात कुठेच नव्हता.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, माणसं पत्ते खेळतात, झाडं लावतात. तुम्ही कारखाना काय काढताय?"

"अगं, चोरून करायचं नाही, एवढंच."

लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या खोलीत निरीक्षक येऊन बसला. स्वयंपाकघराच्या दारावर त्याने पाटी ठोकली: 'उत्पादन विभाग. परवानगीशिवाय आत येऊ नये.' बाईंनी ती उपटली आणि भट्टी उचलून न्हाणीघरात ठेवली. पाटीही मग तिथेच गेली, आणि डॉक्टर आंघोळीला निरीक्षकाची परवानगी घेऊ लागले.

माणूस मात्र गोड होता. आधीच्या मोठ्या कारखान्यात त्याच्याशी कुणी बोलत नसे. इथे वेळेवर चहा मिळायचा. थोड्याच दिवसांत तो बाईंना वहिनी म्हणत मटार सोलू लागला.

अखेर एक बाटली भरली. डॉक्टर हौसेने ग्लास घेऊन आले.

"हां हां!" निरीक्षक ताडकन उठला. "कारखान्याच्या आवारात प्यायला बंदी आहे."

"अहो साहेब, घर आहे हे माझं!"

"कागदोपत्री कारखाना आहे. बाहेर नेऊन प्या."

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर पोलीस धरतील."

तिघं बाटलीकडे बघत बसले. "शेजारी जाऊ या," शेवटी बाई म्हणाल्या. निरीक्षकाने या फाटकापासून त्या फाटकापर्यंतचा वाहतूक परवाना जागच्या जागी लिहून दिला आणि मालावर लक्ष ठेवायला स्वतःही निघाला.

शेजारी निवृत्त न्यायाधीश राहायचे. त्यांनी चौघांचे ग्लास मांडले. पहिल्याच घोटाला डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही पेशंटला चूळ भरायला द्यायचात," बाई म्हणाल्या, "तेच हे."

न्यायाधीशांना दया आली. त्यांनी कायद्याच्या जाड पुस्तकांमागून बिनलेबलाची एक बाटली काढली. खोलीभर पिकल्या नासपतीचा वास सुटला.

"कुठल्या कारखान्याची?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरची."

सगळ्यांच्या नजरा निरीक्षकाकडे वळल्या. त्याने चाचरत विचारलं, "साहेब... परवाना?"

"मी मागितलेलाच नाही," न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "त्यामुळे मला कुणी नाही म्हटलेलं नाही."

निरीक्षकाने थोडा विचार केला. "माझी नेमणूक पलीकडच्या कारखान्यापुरती आहे," असं म्हणून त्याने रिकामा ग्लास पुढे केला.

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नियमाने वागलेले या खोलीत तेवढे ते एकटेच, आणि त्यांच्याच ग्लासात चूळ! मग बाईंना हसू फुटलं, आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टरांनाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कारखाना बंद करायचा अर्ज घेऊन निघाले, तर निरीक्षक दारात आडवा.

"वहिनी, सांगा ना यांना. कारखाना बंद झाला की माझी बदली होईल हो."

बाईंनी नवऱ्याच्या हातातला अर्ज काढून घेतला. न्हाणीघरातली भट्टी आता थंड असते. निरीक्षक मात्र रोज हजर असतो आणि 'उत्पादन नाही' असा अहवाल मन लावून लिहितो. संध्याकाळी डॉक्टर शेजारी जातात. छंद शिकायला, असं ते म्हणतात.