बंद बाल्कनीतले टोमॅटो

काचवाल्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाल्कन्या बंद केल्या. ॲल्युमिनियमची चौकट, सरकत्या काचा, कडेने रबर, वरून सिलिकॉन. धूळ, आवाज, कबुतरं आणि शेजारी, सगळे बाहेर. स्वतःच्या घरी मात्र लाकडी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. त्यामुळे काम सोडता सोडता त्याने तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा मनातली सगळी हौस त्या एका बाल्कनीवर भागवून घेतली. दुहेरी रबर लावलं आणि काचा कायम ओढून घेतलेल्या ठेवल्या. मग काचेला लागून मेणबत्ती पेटवली. ज्योत हलली नाही. ही मेणबत्ती तो आल्यागेल्याला दाखवायचा. पाहुणे न हलणाऱ्या ज्योतीकडे बघत बसायचे आणि चहा निवायचा.

बायकोला जुनं घर सोडायचं नव्हतं. तिथं तळमजला होता, मागे अंगण होतं आणि अंगणात तेलाच्या रिकाम्या डब्यांत तिचे टोमॅटो होते.

"मी भांडत नाही," ती म्हणाली होती. "रोपं घेऊन येते. तिथं टोमॅटो लागले तर राहीन. नाही लागले तर ताईकडे जाईन, तिच्याकडे अंगण आहे. तुम्ही रहा तुमच्या काचेत."

ती रागाने बोलली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलली, म्हणून घेतलं. ही बाई न चिडता जे बोलते ते करते, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. आणि तिच्याशिवाय राहायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. शिकायची इच्छाही नव्हती.

म्हणून तो कामाला लागला. डबे लहान पडतात म्हणून रंगाच्या मोठ्या बादल्या आणल्या. बुडाला ड्रिलने भोकं पाडली, सारख्या अंतरावर, कडा घासून. पाणी काही त्या कडांनी कापलं जाणार नव्हतं, पण सवय. मातीत शेणखत घातलं. अंड्यांची टरफलं कुटून घातली. केळ्याच्या साली भिजवून ते पाणी घातलं. मुलीने फोनवर पानांच्या बगलेतले फुटवे खुडायला सांगितले, ते खुडले. जावयाने काहीच सांगितलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानले.

झाडं छताला टेकली. फुलंही आली, पिवळीधमक, घोसच्या घोस. मग देठातून वाळली आणि गळाली. बाल्कनीत धुळीचा कण नसल्यामुळे गळालेलं प्रत्येक फूल लांबून दिसायचं.

बायको संध्याकाळी तिथं स्टुलावर बसायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायची, "इथं वारा म्हणून येत नाही हो."

"येणारच नाही!" त्याची छाती फुगायची. "दुहेरी रबर आहे."

ती गप्प व्हायची. कौतुक करून माणूस गप्प होतो, यात त्याला वावगं काही दिसलं नाही.

एक दिवस तिने माळ्यावरची बॅग खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. भरली नाही, नुसती पुसली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका पिशवी घेऊन वर आले. बस चालवून निवृत्त झालेले, घरात एकटेच. काचवाल्याने त्यांना बाल्कनी बंद करून देतो म्हटलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, "जन्मभर काचेमागेच बसलोय. आता पुरे."

"वहिनी, तुम्ही दिलेल्या रोपाचे," त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. टोमॅटो होते. लाल, जाड, अंगाला अंग लावून बसलेले. "एकट्याला संपत नाहीत."

काचवाल्याच्या कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. तो त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

"खत कुठलं घालता?"

"खत? पाणी घालायचंसुद्धा विसरतो मी."

त्यांच्या बाल्कनीत एक फुटकी बादली होती. माती मिळेल तिथून उचललेली. झाड वाऱ्याने कसंही झोकांड्या खात होतं, फुलं थरथरत होती. एक मधमाशी फुलाला लोंबकळून गुणगुणत होती. काचवाला बघत राहिला. फूल हलतं, मग फळ धरतं. त्याच्या फुलांना हलवणारं कोणी नव्हतं. कोणी आत येऊ नये याची तजवीज त्याने स्वतः केली होती.

दुसरा कोणी असता तर त्याने वर जाऊन काच उघडली असती. काचवाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठला, स्क्रू आवळायचं बॅटरीवरचं मशीन घेतलं आणि झाडांना आधार दिलेल्या काठ्यांवर टेकवून चालवलं. घुर्रर्र. फुलं थरथरली, पिवळी पूड उडाली. बायको उठायच्या आत मशीन पेटीत गेलं. असं तो रोज करू लागला. मधमाशीचं काम त्याला जमत होतं. खिडकी शाबूत होती आणि अब्रूही.

काही दिवसांनी एका सकाळी फुलांमागे हिरवे मणी दिसले.

बायकोने चष्मा लावून पाहिले. एकाला बोट लावलं.

"लागले की," ती म्हणाली.

"लागले." त्याच्या जिवात जीव आला.

"बरं. राहीन मग." तिने बॅग पुन्हा माळ्यावर ठेवायला त्याच्या हातात दिली. शब्द म्हणजे शब्द. आनंदाने मात्र म्हणाली नाही. आणि स्टुलावर बसून, पदराने मान पुसत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "इथं वारा म्हणून येत नाही हो."

तो बॅग घेऊन माळ्याकडे वळायच्या बेतात होता. 'येणारच नाही' ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. छताला टेकलेली झाडं, खाली गळालेली फुलं, आणि मधे मान पुसणारी ती. ही आल्यापासून हेच सांगत होती. रोज सांगत होती. आणि तो रोज दुहेरी रबर सांगत होता. त्याला लाज वाटली. अशी की बॅग कुठं ठेवावी हेही सुचेना.

त्याने बॅग खाली ठेवली आणि हत्यारांची पेटी आणली.

"आता काय बिघडलं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. काचा काढतोय."

"लागले ना टोमॅटो? मी राहते म्हटलंय."

"ऐकलं," तो म्हणाला. "आधीचंही ऐकलं. जरा उशिरा."

स्वतःचं काम स्वतः उखडायला सबंध सकाळ गेली, कारण ते फारच चांगलं केलेलं होतं. शेवटची काच निघाली तेव्हा वारा एकदम आत आला. एक बादली लवंडली, वर्तमानपत्र स्वयंपाकघरात गेलं. काचवाल्याने मेणबत्ती पेटवून बघितली. काडीच विझली. दुसरीही विझली. त्याने काडीपेटी खिशात ठेवली.

टोमॅटो पिकेपर्यंत घरात धुळीचा थर बसू लागला. एका संध्याकाळी बायको स्टुलावर बसली होती. मान कोरडी, केस कपाळावर उडत होते. तिने कठड्यावरून बोट फिरवलं, बघितलं आणि म्हणाली, "धूळ फार येते हो."

ही तक्रार की कौतुक, ते काचवाल्याला कळेना. पूर्वी त्याने स्वतःच ठरवून टाकलं असतं. या वेळी त्याने तिच्याकडे तोंड करून विचारलं, "म्हणजे काय करायचं?"

"फडकं आणा," ती म्हणाली.

तो दोन घेऊन आला.