गुरुवारचं काहीच नाही

माझे सासरे रंगराव, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटताना वाळलेलं टोक डोळ्यात घुसलं. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी पुढची सगळी शेती केली, वांगी-मिरच्या पिकवल्या, पोराला शिकवलं आणि सून पारखून आणली. हे शेवटचं तेच चारचौघांत सांगतात, मी नाही.

आता त्या एकुलत्या एका डोळ्यात मोतीबिंदू झाला. आधी मिरचीवरची कीड दिसेना, मग मिरचीच दिसेना. एक दिवस विहिरीच्या काठावरून गडी त्यांना धरून घरी घेऊन आला, तेव्हापासून शेत बंद. ओसरीवर बसायचं, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचा आणि चुकलं की हसून द्यायचं. त्यांचं ते हसणं मला बघवत नव्हतं.

खामगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनं शुक्रवारी होतात. दोनदा आम्ही वडनेरहून गाडी करून गेलो आणि दोनदा परत आलो. कारण एकच, रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "एकच डोळा आहे, मी धोका घेणार नाही. पण मोतीबिंदू पिकत चाललाय, आता फार लांबवूही नका." म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

गंमत अशी, की गावातल्या दवाखान्यात मंगळवारी तपासली की हीच साखर शहाण्यासारखी वागायची. शुक्रवारी खामगावला गेली की तिच्या अंगात यायचं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

"काहीच नाई," मामाजी म्हणाले. "काल गुरुवार. माह्या उपास व्हता."

"खरंच, साहेब," मीही म्हणाले. "काल दिवसभर उपास होता त्यांचा."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

मी नांदुऱ्याच्या शाळेत शिकवते. वर्गात खडू गायब झाला की कोणाच्या खिशात आहे हे मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा समज आहे. मी ठरवून टाकलं, की मामाजी चोरून खातात. घरातला नाश्ता तर मी केव्हाच ताब्यात घेतला होता. पोहे बंद, शिरा बंद, रात्रीच्या भाकरीचा सकाळचा कुस्करासुद्धा बंद, कारण त्याला तेलाची फोडणी असते. त्याऐवजी मी नांदुऱ्याहून पौष्टिक बिस्किटं आणायची. पुड्यावर गव्हाची लोंबी आणि धावणारा माणूस. मामाजी ती चहात बुडवून निमूट खायचे. "भुशाची लागतात, पण चांगली असतील," म्हणायचे.

मग एवढं करून साखर वाढते कशी? तर हायवेवरच्या गोकुळच्या हॉटेलात. तिथं सकाळी कचोरीचा घाणा निघतो आणि मामाजी शेजारच्याचा हात धरून रोज तिथवर जातात, हे मला माहीत होतं. मी शाळेतून येताना थेट हॉटेलात शिरले.

"गोकुळभाऊ, खरं सांगा. मामाजी कचोरी खातात की नाही?"

"नाई वहिनी. बिनसाखरेचा चहा घेतात, कचोरीचा वास घेतात अन् जातात." गोकुळने झारा खाली ठेवला. "वासानं बी वाढते काय साखर?"

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. घरी येऊन मामाजींना नको तेवढं बोलले. डोळा तुमचा आहे, जीभ आवरत नसेल तर आम्ही तरी गाड्या कशाला करायच्या, असं काहीतरी. ते नुसतं म्हणाले, "म्या नाई खाल्ली व पोरी." त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली होती, पण मी तोवर जागा बदलली होती. ते रिकाम्या दाराकडे बघून बोलत होते. नवरा, शेखर, त्या रात्री माझ्याशी बोलला नाही, आणि बरोबरच केलं त्याने.

या सगळ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुभद्राबाई, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा भरवसा माझ्या बिस्किटांवर नव्हता आणि डॉक्टरवरही फारसा नव्हता. त्यांनी शेगावच्या महाराजांपाशी बोलून ठेवलं होतं: यांच्या डोळ्याचं होईस्तोवर दर गुरुवारी दोघांचा उपास. आमच्याकडे गुरुवार म्हणजे शेगावचा वार, त्यात नवल काही नाही. वर त्यांनी सोमवार आणि चतुर्थीही आपल्या एकटीच्या नावावर घेतली होती. माणूस वाळत चालला होता. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायच्या, आत्याबाई त्या परत खाली ओढायच्या आणि कामाला लागायच्या. मी बघत होते. पण माझं सगळं लक्ष कचोरीकडे.

तिसरी तारीख मिळाली. त्याच्या आदल्या आठवड्यात मला ताप आला आणि मी गुरुवारी घरी राहिले. लग्न झाल्यापासून गुरुवारी दिवसभर घरात अशी मी क्वचितच असेन. ओसरीला लागून खाट टाकून पडले होते. समोर मामाजी बसलेले.

सकाळी आत्याबाईंनी त्यांच्यापुढे ताटली ठेवली. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट सढळ, वर तूप. "खा, उपास हाये," म्हणाल्या. थोड्या वेळाने केळं आलं. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, पहिली वाढ संपली की दुसरी, कारण उपासाच्या माणसाला अशक्तपणा येतो. चार वाजता बटाट्याचा चिवडा. मग रताळं, गूळ घालून शिजवलेलं. मधल्या चहांना साखर होती, का तर उपासाच्या दिवशी तेवढी चालते. आत्याबाई स्वतः मात्र दिवसभर नुसत्या चहावर होत्या.

मी अंगावरची गोधडी बाजूला करून उठून बसले.

"मामाजी, आज काय काय खाल्लं तुम्ही?"

"काहीच नाई," ते सरळ मनाने म्हणाले. "आज उपास हाये नं."

मला हसूही आलं आणि रडूही. कारण ते खोटं बोलत नव्हते. आमच्या मुलखात कोणीच त्याला खोटं म्हणणार नाही. जेवण म्हणजे भाकर-पोळी, वरण-भात. उपासाचं ते खाणं नव्हेच, त्याची मोजदाद होत नाही. मी स्वतः लहानपणापासून खिचडीच्या ताटल्या रिकाम्या करून "सकाळपासून काही नाही पोटात" म्हणत आलेय. दवाखान्यात डॉक्टरांपुढे मीही तेच म्हणाले होते. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपण दुसऱ्याला हसायला वापरतो, ती आपल्याच घराची आहे हे कधी मनात येत नाही. गोकुळच्या कचोरीला मी फुकट बदनाम केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. आणि तापात असल्यामुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा, जे हळू सांगायचं ते धाडकन सांगून टाकलं. "आत्याबाई, साखर तुमच्या उपासानं वाढून राह्यली. दर शुक्रवारी त्याच्यानंच ऑपरेशन हुकलं."

त्या चुलीपाशी रताळ्याचं भांडं पुसत होत्या. हात थांबला.

"उपासानं?"

"साबुदाणा, बटाटा, गूळ. सगळी साखरच ती. अन् निघताना दही-साखर देता ती वेगळी."

"ते शकुनाची असते." त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् तुह्या बिस्किटाचं काय मंग?"

उत्तर द्यायला मी डब्यातला पुडा काढला. मागची बारीक अक्षरं आजवर मी वाचलीच नव्हती, पुढचा धावणारा माणूस बघूनच खूश होते. पहिला मैदा होता. दुसरी साखर. लोंबीतला गहू बराच खाली, कोपऱ्यात.

"वाच नं मोठ्यानं," आत्याबाई म्हणाल्या.

मी वाचलं.

त्या हसतील, मला दोन शब्द सुनावतील असं वाटलं होतं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "म्हंजे म्याच," त्या म्हणाल्या. "माह्याच हातानं. त्याहीनं पुरे म्हटलं तरी म्या वाढलं व, योगिनी. म्हटलं उपाशी माणूस, काय दिसत नाई त्याले, अशक्तपणानं पडन."

मी त्यांच्याजवळ बसले. प्रेमाने वाढलेल्या ताटाचा दोष कोणाच्या माथी मारायचा? "मी बी तेच केलं," एवढंच म्हणाले. चुलीत पुडा टाकावा असं मनात आलं, पण आत्याबाईंनी तो घेतला आणि गाईपुढे टाकला. अन्न जाळत नाहीत.

पुढचा आठवडा त्या महाराजांच्या फोटोपुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायच्या. आता काय करणार, हे मी विचारलं नाही. शेखरला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, "देवाच्या अन् आईच्या मधात मी नाई पडत." मामाजींची मात्र मी माफी मागितली. ते म्हणाले, "कचोरीची आठवण नोको करून देऊ, बाकी सगळं माफ."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा गुरुवार उजाडला. मी सुट्टी घेतली होती. चुलीवर तव्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ज्वारीची भाकर भाजल्याचा वास. आत्याबाईंनी ताटात एक भाकर, मेथीची भाजी, वाटीभर मुगाचं वरण आणि कांदा वाढला. ताट ओसरीवर नेऊन मामाजींपुढे ठेवलं.

मामाजींनी ताट चाचपलं. बोटं भाकरीवर थांबली.

"आज गुरुवार नाई काय?"

"हाये."

"मंग भाकर काऊन?"

"तुमचा उपास सुटला आजपासून. जेवा."

"अन् तुह्या?"

आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या ताटाजवळ सरकवला.

"तुह्या हाये नं उपास?" त्यांनी ताट सरकवलं. "तू उपाशी बसशीन अन् मी इथी भाकर मोडू? मले नाई जमत ते. ने हे. खिचडी दे नाईतर काहीच नोको."

मी मध्ये तोंड घालणार होते. दुसऱ्या दिवशीची गाडी ठरली होती, डॉक्टरांचे शब्द कानात होते. पण आत्याबाईंनी हाताने मला थांबवलं. त्या आत गेल्या. फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, ओठ हलताना दिसले. मग बाहेर आल्या, मामाजींच्या समोर बसल्या, त्यांच्याच ताटातली भाकर मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. महाराजांपाशी बोलल्यापासून एकाही गुरुवारी त्यांनी अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मामाजींना ते दिसत नव्हतं.

"आयकू आलं नं?" त्या म्हणाल्या. "खाऊन राह्यली मी. आता तुमी बी खा."

मामाजी कान देऊन बसले होते. चावण्याचा आवाज त्यांनी नीट ऐकला. मग त्यांनी ताट ओढून घेतलं.

शुक्रवारी पहाटे निघताना आत्याबाईंनी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. नुसतं दही. मामाजींनी चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबट हाये व."

"शकुन दह्याचाच असते," त्या म्हणाल्या.

साखर ठीक निघाली. ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी पट्टी काढायची होती. खोलीत मी, शेखर आणि आत्याबाई. नर्सने पट्टी सोडली, डोळा पुसला, थेंब टाकले आणि म्हणाली, "बाबा, आता उघडा हळूच."

मामाजींनी डोळा उघडला. आधी खिडकीकडे पाहिलं. मग शेखरकडे, मग माझ्याकडे. मला बघून हसले, या वेळी बरोबर माझ्याच दिशेने. मग आत्याबाईंकडे पाहिलं आणि हसू गेलं. हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं. बांगड्या खळकन कोपराकडे गेल्या.

"शेखरच्या माय," ते म्हणाले, "तू एवढी वाळली कधी?"

आत्याबाईंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "काई नाई. उपास व्हते थोडे. तुमाले दिसून राह्यलं नं आता? झालं मंग."

मामाजींनी मनगट सोडलं नाही. भाकरीचा डबा माझ्या पिशवीत होता, तो त्यांना दिसला.

"योगिनी," ते म्हणाले, "पहिले हिले वाढ. माह्या समोर बसव अन् वाढ. किती खाते ते मी पाहतो."