दोन बोटं माया

चार बोटं. आईच्या डाव्या खांद्यावर, फोटोच्या अगदी कडेला, नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत चारच बोटं, आणि मधल्या बोटात पितळी अंगुस्तान — शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते — एका बाजूने चेपलेलं. ते चेपलेलं अंगुस्तान आत्ता लेकीच्याच मशीनच्या खणात होतं. म्हणजे बोटं माझी, हे कळायला इतका वेळ लागावा?

आई जाऊन महिना झाला होता. काल दादा धाकट्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानात येऊन आईचा फोन ठेवून गेला. "तुला जमतं हे सगळं. फ्रेमसाठी हा फोटो जरा उजळ करून दे, आणि आईचा आवाज असलेलं काहीतरी, दहा सेकंद पुरे. उद्या चारला फ्रेमवाला बंद करतो, त्याच्या आत पाठव." फोटो त्यानेच निवडला होता. "हसू बघ कसलं आलंय! बघतेय कुठं कुणास ठाऊक, पण हसू झकास. ती बोटं तेवढी उडव."

ती बोटं तेवढी उडव. अवघड काय त्यात? फोटो उघडायचा, 'संपादन' दाबायचं, चौकटीचा कोपरा धरून आत ओढायचा. पण 'संपादन' दाबल्याबरोबर वरच्या कोपऱ्यात 'मूळ' हा शब्द उजळला होता, आणि तिथंच तिचं बोट थांबलं. हात न लावलेल्या फोटोवर हा शब्द मंद असतो. उजळला, याचा अर्थ एकच — हा फोटो आधीच कुणीतरी कापलाय. आणि फोनला आई कुणाला हात लावू देत नसे, दादालासुद्धा नाही...

तर मग आईने मला कापलं.

ती उठली. इस्त्री केलेल्या कॉलरवर पुन्हा इस्त्री फिरवली. पाणी प्यायली, पेला विसळला, पुन्हा विसळला. अडीच वाजले होते. 'मूळ' दाबलं की न कापलेला फोटो परत येईल, कळेलच की, एक बोट लावायचा अवकाश — पण मग कळेल, आणि कळल्यावर ते परत न कळलेलं कसं करायचं? काही नाही, डोकं फिरलंय माझं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, ती दचकली, आणि आपण दचकलो म्हणून स्वतःवरच चिडली.

तीन वर्षांपूर्वी, ती अजून आईच्याच दुकानात शिवत होती तेव्हाचा, डॉक्टरीणबाईंचा कोट. तिने तो खडूच्या रेघेला लागून कापला होता, आतून शिवण जाड दिसू नये, नेटकी बसावी म्हणून, आणि बाई मापाला आल्या तेव्हा बटण लागेना. "अहो, माझंच पोट सुटलंय," बाई हसून म्हणाल्या, तिथंच संपायचं ते. पण आईने शिवण उलटी करून पाहिली. "चाळीस वर्षं शिवतेय मी. दोन बोटं माया ठेवल्याशिवाय कधी कात्री लावली नाही. आणि हिच्याकडे बघा, मायाच नाही!" शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. आई त्याबद्दलच बोलत होती... दुसऱ्या कशाबद्दल बोलणार? पण लेकीला ऐकू आलं ते दुसरंच, आणि तिने कात्री टेबलावर आपटली. "नाहीच आहे!" आठ दिवसांत तिने स्वतःचं दुकान थाटलं. त्यानंतर बोलणं म्हणजे बरी आहेस का, हो बरी आहे, औषध घेतलंस का, घेतलं. दवाखान्यातसुद्धा तेवढंच.

आधी व्हिडिओ उरकावा. आवाजाचा एकच होता, चाळीस सेकंदांचा, आणि तोही आडवा झालेला. आई, मशीन, पंखा सगळे कुशीवर निजलेले. तिने फिरवायचं चिन्ह दाबलं, तशी आई उठून सरळ बसली. फोन घेतला त्या दिवसाचा होता तो, कोटाच्या चार महिने आधीचा. नवा फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून आई तो चालतो का बघत होती, आणि फोटो कापायची शिकवणी चालली होती ती धाकटीच्या फोनवर. तिने पट्टीचं डावं टोक पुढे सरकवलं, उजवं मागे आणलं आणि ऐकू लागली.

"कोपरा धरून ओढ. अगं हळू, दार नाहीये ते!" हा आवाज माझा? इतका मजेत?

"गेला की गं पंखा फोटोतून!"

"गेला नाही. कापलं तरी आत असतं. आता 'मूळ' दाब. आला?"

"अगंबाई!" मग थोडं थांबून, "म्हणजे फोनपण माया ठेवतो म्हण की."

आणि दोघी हसल्या, खोऽ खोऽ, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या. आपण असं कधी हसलो होतो हेच ती विसरून गेली होती. 'अगंबाई'पाशी कापून तिने 'प्रत जतन करा' दाबलं. दादाला तेवढं पुरे होतं.

म्हणजे आईला ठाऊक होतं. कापलेलं आत राहतं हे ठाऊक असून तिने कापलं. की विसरली असेल? स्वतःचा नंबर पाठ नव्हता तिला. की त्या फोटोत माझे डोळे मिटले असतील, म्हणून? नुसतं तेवढ्यासाठी?

तिचा स्वतःचा फोन वाजला. "झालं का गं सुई?" दादा आईने ठेवलेल्या नावाने हाक मारत होता. "तो माणूस आवराआवर करतोय."

"पाच मिनिटं."

"अगं, बोटंच तर उडवायचीत!"

तिने फोन ठेवला आणि विचार करायला वेळ न देता 'मूळ' दाबलं.

चौकट रुंद झाली. ती स्वतः — केस विस्कटलेले, गळ्यात माप घ्यायची फीत, तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. फारच वाईट फोटो, कुणीही कापला असता. पण आई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. आई हिच्याकडे बघत होती. ते हसू, दादाला झकास वाटलेलं, ते हिच्या त्या उघड्या तोंडाकडे बघून आलेलं होतं.

मग कापलंस कधी, आई? कोटाच्या दिवशी, रागाने? आणि कापल्यावर कधी 'मूळ' दाबून पाहिलंस का, एकदा तरी, आणि बघून पुन्हा तसंच ठेवलंस? हे फोनमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. हे विचारायला समोर माणूस लागतो.

तिने कोपरा धरला आणि आत ओढला. चेहरा गेला, फीत गेली, कोपर गेलं. अंगुस्तानापाशी आल्यावर बोट पुढे सरकेना. दादाचा फोन पुन्हा वाजू लागला, वाजत राहिला. कोपरा तसाच बोटाखाली दाबून ती रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली, "माया होती गं..." आणि हे आपण कुणाबद्दल म्हणालो, ते तिचं तिलाच कळेना.