दारातली अठरा मिनिटे

संक्रांतीनंतरचा शुक्रवार. दुपारी सोलापूरच्या एका धर्मादाय इस्पितळातल्या बायकांनी वॉर्डाच्या व्हरांड्यात हळदीकुंकू मांडले होते. गोजरबाईला कुणी जा म्हटले नव्हते, कुणी ये म्हटले नव्हते. ती आपली भाकरी घेऊन रुग्णवाहिकेत येऊन बसली. गेली पाच वर्षे, नवरा गेल्यापासून, तिची संक्रांत अशीच जात होती.

या गाडीबरोबर जाऊन वाटेतच रुग्णाला जगवायचे, हे तिचे काम. इस्पितळाच्या डॉक्टरांनी तिला ते शिकवले होते आणि एक वहीही दिली होती. निरोप कधी आला, गाडी कधी पोचली, वेळ कुठे वाया गेला, सगळे तिने त्यात लिहायचे. वेळ रस्त्यात जातो असा डॉक्टरांचा समज होता. मार्गशीर्षातल्या एका पानाने तो मोडला. एका बाळंतिणीचे रक्त थांबत नव्हते, पण पहिलटकरणीला विधवेचा हात नको म्हणून घरच्यांनी गोजरबाईला उंबऱ्यातच अडवले. तोवर आत ती बाळंतीण दगावली. वहीत गोजरबाईने लिहिले, ‘दारात थांबवले: अठरा मिनिटे. कारण: माझे कपाळ.’

ते वाचून डॉक्टरांना तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधांच्या पेटीत कुंकवाची डबी ठेवली. शिकल्यासवरल्या माणसाला सुचलेला हा उपाय!

भाकरी अर्धी झाली तोच ड्रायव्हर तिप्पण्णा धावत आला. “गोजरक्का, चला. बाळे गावच्या नाक्यापलीकडं वस्तीवर बाळंतीण हाय. रगात थांबंना म्हणं.”

वाटेत तो हळूच म्हणाला, “लावा की कुंकू. कोण बघतंय?”

गोजरबाईने डबी उघडली. पाच वर्षांनी कपाळाला कुंकू लागले, आणि तिला नवऱ्याची फार आठवण आली.

वस्तीवर सासू बजाबाई दारातच उभी होती. तिने आधी कपाळ पाहिले, मग वाट दिली. “या बाई, लवकर या!”

आत तिची सून सोजर पांढरीफटक पडली होती. गोजरबाईने तिचे पाय उंच केले, बाळ छातीशी लावले आणि ओटीपोट दाबून चोळायला घेतले. हात भरून आले तरी सोडले नाही. गर्भाशय आवळत गेले, रक्त ओसरले. बजाबाईही गाडीत बसली; इस्पितळात पोचेपर्यंत गाडीतही गोजरबाईचा हात तिथेच होता.

तासाभराने डॉक्टर म्हणाले, “वाचली.”

बजाबाईला रडू फुटले. व्हरांड्यातला कुंकवाचा करंडा उचलून ती वॉर्डात थेट गोजरबाईपुढे आली आणि तिने कुंकवाचे बोट पुढे केले. “माजी सून राखलीस गं बाई. अखंड सौभाग्यवती ऱ्हा.”

मागोमाग आलेल्या इस्पितळातल्या बायका माना खाली घालून उभ्या राहिल्या. गोजरबाई गप्प बसली असती, तर सगळेच निभावले असते. पण तिने बजाबाईचे मनगट धरले.

“थांबा आक्का. मी रांडाव हाय. हे कुंकू खोटं हाय. तुमी दारात अडवू नये म्हून लावलं. हात तेवढा खरा व्हता.”

बजाबाईचे बोट तसेच राहिले. तिने खाटेवरच्या सुनेकडे पाहिले, करंडा खाली ठेवला आणि ती बाहेर गेली. सोजरने मात्र गोजरबाईचा पदर मुठीत धरला. “जाऊ नगा की,” ती पुटपुटली. तिला झोप लागेपर्यंत गोजरबाई उभी राहिली.

मग ती गाडीत परतली. पदराने कपाळ पुसले, डबी डॉक्टरांना परत द्यायला बाजूला काढली आणि वही उघडली. ‘दारात थांबवले: एकही मिनिट नाही. कारण: खोटे कुंकू. यापुढे लावणार नाही.’ पुढच्या पानावर तिने रकाने आखून ठेवले. घराच्या नावाचा रकाना अजून कोरा आहे.

वाचकहो, ते घर तुमचे असले, तर तिने किती मिनिटे लिहायची?